एबन-एजरचा धोंडा : साल्झबर्गच्या डोंगरातून निघालेली माणसे

येशूच्या नावाने सर्वांना नमस्कार.

गेल्या महिन्यात रविवारच्या कॅटेकिझमच्या वर्गात मी मुलांना शमुवेलाची गोष्ट सांगत होते. पलिष्ट्यांबरोबरची लढाई संपल्यावर शमुवेल एक धोंडा घेतो, तो मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये उभा करतो आणि त्याचे नाव एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असे ठेवतो. देवाने आपल्याला इथपर्यंत सांभाळून आणले याची ती खूण. बोलता बोलता मी सांगून गेले की ह्याच नावाचे एक गाव अमेरिकेत वसले होते, आणि ते वसवणारी माणसे डोंगरातल्या आपल्या घरांतून हाकलून दिलेली होती.

सातवीतल्या एका मुलाने लगेच विचारले, "टीचर, त्यांना कोणी हाकललं?"

मी म्हणाले, "तिथल्या आर्चबिशपने."

वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "आपल्या? म्हणजे कॅथोलिक आर्चबिशपने?"

"होय."

"मग ही गोष्ट आपण कशाला शिकायची?"

तेवढ्यात मिस्साची घंटा झाली आणि माझी सुटका झाली. खरे सांगायचे तर मला उत्तर सुचलेच नव्हते. त्या मुलांसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही, ते उत्तर मी इथे लिहिते आहे. गोष्ट जरा मोठी आहे, पण सावकाश वाचा.

मिठाचा देश

आज ऑस्ट्रियात असलेले साल्झबर्ग अठराव्या शतकात एक स्वतंत्र राज्य होते. तिथला आर्चबिशप हाच तिथला राजाही होता. मिस्सा अर्पण करणारा हात आणि फर्मानावर सही करणारा हात एकच. साल्झबर्ग या नावाचा अर्थच 'मिठाचा गड'. हालाइन गावाजवळच्या ड्युर्नबर्ग डोंगराच्या पोटातून मीठ निघे आणि त्याच मिठावर हे राज्य श्रीमंत झाले होते. शहराच्या दक्षिणेला साल्झाख नदीच्या बाजूने वर गेले की पोंगाऊची खोरी लागतात. उंच डोंगर, उतारावर लाकडी घरे, थोडी शेती, गुरे आणि लांबलचक हिवाळा. तिथे शेतकरी, सालगडी आणि खाणकामगार राहत.

या खोऱ्यांत मार्टिन लूथरची शिकवण सोळाव्या शतकातच पोहोचली होती. राज्य कॅथोलिक असल्यामुळे ही माणसे रविवारी मिस्साला जात, आपल्या मुलांचा बाप्तिस्मा तिथेच करून घेत आणि रात्री दारे लावून लूथरने भाषांतर केलेले बायबल वाचत. पुस्तके जमिनीच्या फळ्यांखाली किंवा भिंतीत दडवलेली असत. पुस्तक सापडले तर दंड, कैद किंवा हद्दपारी. असे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालले. आजोबांनी नातवाला अक्षरओळख करून द्यायची ती त्या दडवलेल्या पुस्तकातूनच.

एकदा मोठी हद्दपारी आधीच होऊन गेली होती. १६८४ साली डेफेरेग्गन नावाच्या खोऱ्यातल्या प्रॉटेस्टंट लोकांना राज्याबाहेर घालवले, आणि त्यांची लहान मुले मागे ठेवून घेतली, म्हणजे ती कॅथोलिक घरांत वाढावीत. त्याच सुमारास ड्युर्नबर्गच्या मिठाच्या खाणीतला योसेफ शायटबर्गर नावाचा एक कामगार पकडला गेला. १६८६ साली तोही हद्दपार झाला. त्याच्या दोन मुली मागे राहिल्या. तो न्यूरेंबर्ग शहरात लाकूडकाम करून पोट भरू लागला आणि मागे राहिलेल्या आपल्या डोंगरवासीयांना पत्रे लिहू लागला. ती पत्रे छापली गेली, चोरून साल्झबर्गच्या खोऱ्यांत पोहोचली आणि बायबलशेजारी दडवली जाऊ लागली. परागंदा माणसाचे एक गीतही त्याने रचले.

बऱ्याच वर्षांनी त्याची एक मुलगी, आता मोठी झालेली आणि कॅथोलिक म्हणून वाढलेली, बापाला परत आपल्या धर्मात आणावे म्हणून न्यूरेंबर्गला आली. ती बापाजवळच राहिली, परत गेली नाही. या मुलीचा मी पुष्कळदा विचार करते. तिला वाढवले ते आपल्या श्रद्धेच्या लोकांनी, आणि कदाचित मायेनेही वाढवले असेल. पण ज्याने तिला जन्म दिला त्याच्यापासून तिला तोडून श्रद्धा दिली होती. अशी दिलेली श्रद्धा बापाच्या दारात उभी राहिल्यावर टिकली नाही.

नमस्काराचा सापळा

१७२७ साली लेओपोल्ड आंटोन फोन फिर्मियान हे साल्झबर्गचे आर्चबिशप झाले. आपल्या राज्यात एकही प्रॉटेस्टंट उरू नये असा त्यांचा निश्चय होता. त्यांनी येशूसंघीय धर्मगुरूंना खोऱ्यांत उपदेशासाठी पाठवले, घरांच्या झडत्या सुरू झाल्या.

या काळातली एक गोष्ट मला फार टोचते. पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी एक सुंदर नमस्कार प्रचारात आणला होता. भेटल्यावर एकाने येशू ख्रिस्ताची स्तुती असो असे म्हणायचे आणि दुसऱ्याने सर्वकाळ असो, आमेन, असे उत्तर द्यायचे. या नमस्काराला दंडविमोचन जोडलेले होते, आणि दंडविमोचन प्रॉटेस्टंट लोकांना मान्य नव्हते. म्हणून ते हा नमस्कार म्हणत नसत. झाले, वाटेत भेटणाऱ्याला ओळखण्याची ती खूणच ठरली. जो म्हणणार नाही तो संशयित. येशूची स्तुती करणारे शब्द माणसे पकडण्याच्या कामी आले.

आपणही चर्चच्या आवारात एकमेकांना येशूच्या नावाने नमस्कार करतो. या लेखाची सुरुवातही मी तशीच केली. म्हणूनच हा प्रसंग मी विसरू शकत नाही.

१७३१ च्या उन्हाळ्यात पोंगाऊमधले प्रॉटेस्टंट पुढारी श्वार्झाख गावी जमले. पाच ऑगस्टच्या त्या बैठकीत त्यांनी मिठात बोट बुडवून ते जिभेला लावले आणि आपली श्रद्धा सोडणार नाही अशी शपथ घेतली, असे सांगतात. जुन्या करारात मिठाच्या कराराचा उल्लेख आहे, तो त्यांच्या मनात असणार. आपल्याकडे मिठाला जागणे म्हणतात. ज्या राज्याचे मीठ त्यांनी पिढ्यान् पिढ्या खणून काढले, त्याच मिठाची शपथ घेऊन त्यांनी त्या राज्याच्या हुकमाला नाही म्हटले.

सुमारे २०,००० लोकांनी आपण प्रॉटेस्टंट असल्याचे उघड सांगितले होते. आर्चबिशपांच्या दरबारात याला बंड म्हटले गेले.

आठ दिवस

३१ ऑक्टोबर १७३१ रोजी हद्दपारीच्या फर्मानावर सही झाली आणि ११ नोव्हेंबरला ते जाहीर झाले. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहानुसार धर्मामुळे देश सोडणाऱ्यांना आवराआवर करायला तीन वर्षे मिळायला हवी होती. पण हे लोक बंडखोर आहेत, तेव्हा त्यांना तहाचा फायदा नाही, असे ठरवले गेले. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, म्हणजे सालगडी, मोलकरणी, मजूर, अशा बारा वर्षांवरच्या सगळ्यांना आठ दिवसांत निघून जायचे होते. जमीनवाल्यांना एक ते तीन महिने मिळाले. पुढे बाहेरून दबाव आल्यावर त्यांची मुदत वसंत ऋतूपर्यंत वाढली.

नोव्हेंबर महिन्यात, आल्प्सच्या हिवाळ्यात, आठ दिवस. सैनिक घरोघर गेले आणि पहिल्या तुकड्या तशाच रस्त्याला लागल्या. सर्वांत गरिबांना सर्वांत आधी निघावे लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्याच्याकडे विकायला काही नाही त्याला थांबण्याचे कारणही नाही, असा तो हिशेब होता.

काही महिन्यांत सुमारे २०,००० माणसे त्या खोऱ्यांतून गेली. वाटेतल्या प्रॉटेस्टंट शहरांनी त्यांचे स्वागत केले. घंटा वाजवल्या, गीते म्हटली, अन्नवस्त्र दिले. प्रशियाचा राजा पहिला फ्रीडरिश विल्हेल्म याने २ फेब्रुवारी १७३२ रोजी आपल्या राज्याची दारे त्यांना उघडली. यात दया होती आणि व्यवहारही होता. त्याच्या पूर्व प्रशियात १७०९ ते १७११ च्या प्लेगने गावेच्या गावे ओस पडली होती, जमीन कसायला माणसे हवी होती. बहुतेक साल्झबर्गवासी तिकडेच गेले आणि गुम्बिन्नेन शहराच्या आसपास वसले. डोंगर सोडून ते अशा सपाट मुलखात आले, जिथे चारी दिशांना नुसते क्षितिज.

त्यांच्या प्रवासाच्या हकिकती जर्मनीभर पसरल्या. गटेने १७९७ साली 'हेर्मान उंड डोरोथेआ' हे काव्य लिहिले, त्याचे बीज साल्झबर्गच्या या परागंदा लोकांच्याच एका कथेत होते.

समुद्रापलीकडचे गाव

यांतली एक लहान तुकडी मात्र फार दूर गेली. अमेरिकेत जॉर्जिया नावाची नवी इंग्रज वसाहत १७३३ साली सुरू झाली होती. ऑग्सबर्ग शहरातले पाळक सामुएल उर्ल्स्पर्गर आणि लंडनची ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्था यांनी काही कुटुंबांना तिकडे पाठवण्याची व्यवस्था केली. योहान मार्टिन बोल्ट्झियस आणि इस्राएल ख्रिस्टियान ग्रोनाऊ हे दोन तरुण पाळक रॉटरडॅमला त्यांना येऊन मिळाले. डोंगरात जन्मलेल्या या माणसांनी समुद्र पाहिला तोच ओलांडण्यासाठी. मार्च १७३४ मध्ये त्यांचे जहाज चार्ल्स्टनला लागले आणि १२ मार्चला ते सव्हाना गावी उतरले.

वसाहतीचे प्रमुख जेम्स ओगलथॉर्प यांच्याबरोबर जाऊन त्यांनी सव्हानापासून सुमारे ४० किलोमीटर आत जागा निवडली आणि तिला नाव दिले एबन-एजर.

इथे जरा थांबूया. शमुवेलाने धोंडा उभा केला तो लढाई जिंकल्यावर. या लोकांनी नाव ठेवले तेव्हा त्यांच्यापाशी घर नव्हते, पीक नव्हते. पुढचे दिवस तर आणखी कठीण निघाले. जमीन रेताड होती, ओढ्यातून होड्या नीट चालत नव्हत्या, म्हणून सगळे सामान रानातून वाहून आणावे लागे. उष्ण, दमट हवेची सवय नव्हती. हिवताप आणि हगवण यांनी पहिल्या दोन वर्षांत कितीतरी माणसे नेली. पाळक बोल्ट्झियस दररोजची नोंद लिहीत. आज कोणाला ताप आला, कोणाला माती दिली, कोणाच्या घरी बाळ जन्मले, सगळे त्यांत आहे. त्या नोंदी उर्ल्स्पर्गर जर्मनीत छापत, त्यामुळे आपल्याला आज हे सारे माहीत आहे.

१७३६ साली त्यांनी ती जागा सोडून सव्हाना नदीच्या काठावर, लाल मातीच्या उंचवट्यावर नवे गाव वसवायचे ठरवले. ओगलथॉर्प यांच्या मनात ते फारसे नव्हते, पण त्यांनी परवानगी दिली. जुन्या जागेत पुरलेली माणसे तिथेच राहिली. नाव मात्र त्यांनी सोबत आणले. नवे गाव झाले नवे एबन-एजर. मला वाटते, अपयशी ठरलेल्या जागेचे नाव कोणी सहसा पुढे नेत नाही. त्यांनी नेले, कारण देवाने सांभाळले ते पीक आले म्हणून नव्हे, असे ते मानत होते.

या गावात हळूहळू जीव आला. पिठाची गिरणी झाली, लाकूड कापायची गिरणी झाली, तुतीची झाडे लावून रेशीम काढले जाऊ लागले. अनाथ मुलांसाठी त्यांनी घर बांधले, ते जॉर्जियातले पहिले अनाथालय. प्रसिद्ध उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी ते पाहिले आणि पुढे सव्हानाजवळ स्वतःचे अनाथालय काढताना तेच डोळ्यांसमोर ठेवले. बोल्ट्झियस आणि ग्रोनाऊ या दोघा पाळकांनी साल्झबर्गच्या दोन सख्ख्या बहिणींशी लग्ने केली. अशा रीतीने पाळकही त्यांचेच सोयरे झाले.

१७६९ साली त्यांनी बांधलेले विटांचे चर्च पूर्ण झाले. त्याला जेरुसलेम चर्च म्हणतात. ते आजही उभे आहे आणि त्यात आजही उपासना होते. विटा ओल्या असताना उमटलेले बोटांचे ठसे त्या भिंतींत अजून दिसतात. गाव मात्र उरले नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश सैन्याने ते ताब्यात घेतले आणि चर्चचा दवाखाना व तबेला म्हणून वापर केला. त्यानंतर गाव पुन्हा पूर्वीसारखे वर आले नाही.

आपल्याकडे येणारी वाट

बोल्ट्झियस आणि ग्रोनाऊ हे दोघे आले होते जर्मनीतल्या हाले शहरातल्या फ्रांके संस्थांमधून. याच संस्थांनी घडवलेली माणसे आपल्या देशातही आली. बार्थोलोमेउस झिगनबाल्ग १७०६ साली तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीत उतरले ते हालेशी जोडलेले. १७५० साली आलेले ख्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झही हालेचेच. श्वार्ट्झ पुढे तंजावरला राहिले. तिथे भोसल्यांचे मराठी राज्य होते. दरबारात मराठी बोलली जाई. राजे तुळजाजींनी मृत्यूपूर्वी आपला दत्तक मुलगा सरफोजी याला श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली सोपवले. सरफोजी राजे हिंदूच राहिले, पण १७९८ साली श्वार्ट्झ वारले तेव्हा त्यांनी पित्यासारखा शोक केला आणि त्यांच्या स्मरणार्थ लंडनहून संगमरवरी शिल्प करून आणवले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

पाहा, एकाच शिक्षणगृहातून एक वाट जॉर्जियाच्या रानात परागंदा डोंगरवासीयांकडे गेली आणि दुसरी आपल्या मुलखापासून दूर, कावेरीकाठी वसलेल्या मराठी घराण्याकडे आली. बेळगाव, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद इथले आपण मराठी भाषक ख्रिस्ती लोकही कुठून तरी निघून कुठे तरी वसलेल्यांचेच वंशज आहोत. गोव्याहून घाट चढून आलेल्या कितीतरी घराण्यांच्या आठवणींत तर धर्मन्यायालयाची भीतीही आहे. त्या भीतीची आठवण आणि साल्झबर्गच्या सालगड्यांची आठवण यांत मला फार अंतर दिसत नाही.

आसरा मिळाल्यावर

गोष्ट इथे संपवली असती तर छान झाले असते. पण मुलांना अर्धी गोष्ट सांगू नये.

जॉर्जियाच्या वसाहतीत १७३५ पासून गुलामगिरीला बंदी होती. सव्हानाच्या काही लोकांनी ही बंदी उठवा म्हणून अर्ज केला, तेव्हा मार्च १७३९ मध्ये एबन-एजरच्या लोकांनी उलट अर्ज केला. आम्ही या उन्हातही स्वतःच्या हातांनी शेती करतो, इथे गुलाम आणू नका, असे त्यांनी सांगितले. त्या अर्जात आपल्या घरादाराच्या सुरक्षिततेची भीतीही होती, ती लपवण्याचे कारण नाही. तरी त्या काळात इतक्या उघडपणे नाही म्हणणारी गावे फार थोडी होती.

पण आजूबाजूचे मळेवाले श्रीमंत होत गेले. मजूर मिळेनात. बोल्ट्झियस पुष्कळ काळ विरोध करत राहिले. अखेर उर्ल्स्पर्गर यांनीच ऑग्सबर्गहून कळवले की ख्रिस्ताकडे नेण्याच्या हेतूने गुलाम घेतले तर ते पाप ठरणार नाही. १ जानेवारी १७५१ पासून बंदी उठली आणि एबन-एजरमध्येही गुलाम आले. ज्यांना स्वतः घरातून ओढून काढले होते, त्यांच्या शेतांवर आता आफ्रिकेतल्या आपल्या गावांतून ओढून आणलेली माणसे राबू लागली. आणि ज्या जमिनीवर गाव उभे होते ती युची आणि क्रीक लोकांच्या वावरातली होती. पुढच्या काळात त्यांनाही तिथून जावे लागले.

साल्झबर्गची माणसे वाईट होती म्हणून हे झाले, असे मला वाटत नाही. त्यांना आपले दुःख आठवत होते. दर वर्षी ते आपल्या आगमनाचा दिवस उपकारस्तुतीने पाळत. फक्त त्या आठवणीत दुसऱ्याला जागा राहिली नाही. जुन्या करारात देव इस्राएलला पुन्हा पुन्हा बजावतो की तुम्ही मिसरात परके होता, म्हणून परक्यावर प्रीती करा. ही आज्ञा इतक्या वेळा का सांगावी लागली, ते एबन-एजरचा इतिहास वाचल्यावर कळते. घर मिळाले की आपण दार लावून घेतो.

क्षमेचा दिवस

पूर्व प्रशियात गेलेल्यांचे काय झाले? तिथे ते दोनशे वर्षे राहिले, तिथले झाले. मग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, रशियन सैन्य पुढे आले आणि त्यांच्या वंशजांना पुन्हा बर्फातून निघावे लागले. गुम्बिन्नेन आता रशियात आहे, त्याचे नाव गुसेव्ह. तिथले साल्झबर्गवासीयांचे जुने चर्च दुरुस्त होऊन १९९५ साली पुन्हा उपासनेसाठी उघडले.

आणि साल्झबर्गमध्ये? १९६६ साली तिथले आर्चबिशप आंद्रेआस रोराखर यांनी या हद्दपारीबद्दल प्रॉटेस्टंट बंधुभगिनींकडे क्षमा मागितली. फर्मान निघाल्यापासून २३५ वर्षे झाली होती. हद्दपार झालेल्यांपैकी क्षमा करायला कोणी जिवंत नव्हते, आणि हद्दपार करणारेही केव्हाच गेले होते. तरी त्याच आसनावर बसलेल्या माणसाने ती मागितली. पुढे १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांसाठी, ख्रिस्ती ऐक्याविरुद्ध केलेल्या पापांसाठीही, जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. साल्झबर्गचे लोक सव्हानाला उतरले तोही १२ मार्चच. हा योगायोगच आहे, पण मी तो माझ्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे.

तर मुलांनो, ही गोष्ट कशाला शिकायची याचे माझे उत्तर असे आहे. आपण पापसांगणीला जातो तेव्हा दुसऱ्याची पापे सांगत नाही, स्वतःची सांगतो. ख्रिस्तसभा हे आपले घर आहे, म्हणून घरात झालेली चूकही आपलीच. ती माहीत नसेल तर तिची क्षमा कशी मागणार, आणि ती पुन्हा होताना कशी ओळखणार?

आजीचा पाटा

आता माझी स्वतःची पापसांगणी. पहिला प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचे कुटुंब तीन वर्षांपूर्वी घाटातल्या एका लहान गावातून आपल्या धर्मग्रामात आले. पावसाळ्यात तिथला रस्ता तुटतो आणि पुढच्या शिक्षणाची सोय नाही, म्हणून ते निघाले. तीन वर्षांत सणाच्या कामाची यादी मीच केली, प्रत्येक वाड्याला काम वाटले, आणि एकदाही त्या घराचे नाव घातले नाही. मुद्दाम नव्हे. मला ते कधी सुचलेच नाही. आठ दिवसांचे फर्मान काढायला आर्चबिशप लागतो, पण माणसाला तीन वर्षे उंबऱ्यावर उभे ठेवायला माझ्यासारखी कॅटेकिस्टही पुरते.

त्या रविवारनंतर मी त्यांच्या घरी गेले. मुलाची आजी दारात बसली होती. "ये बाय, बस," म्हणाली. भाड्याच्या दोन खोल्या, आणि स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी जमिनीवर दगडी पाटा-वरवंटा. मी विचारले, "आजी, एवढा जड पाटा गावाहून आणला?"

"सासूचा हाय तो," आजी म्हणाली. "घर तिथंच ऱ्हायलं, रान तिथंच ऱ्हायलं. म्हटलं, एक धोंडा तरी संगं असू दे."

त्यांना शमुवेलाची गोष्ट माहीत होती की नव्हती, मी विचारले नाही. यंदाच्या सणाच्या जेवणाची चटणी त्या पाट्यावर वाटायची, हे मात्र ठरवून आले. आजीने आधी आढेवेढे घेतले, मग मिरच्या किती लागतील ते विचारले.

तुमच्या धर्मग्रामात शेवटच्या बाकावर बसणारे कोण आहे? या रविवारी मिस्सानंतर त्यांना त्यांच्या गावाचे नाव विचारा, आणि ते सांगतील ते पूर्ण ऐका.

हे प्रभू येशू, तुझे आईवडील तुला घेऊन रात्री मिसर देशाला निघाले. परक्या मुलखात ज्यांनी तुला जागा दिली त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, पण तुला ठाऊक आहेत. आमच्या पूर्वजांना ज्यांनी आसरा दिला त्यांना आशीर्वाद दे. आमच्या लोकांनी ज्यांना दारातून घालवले त्यांच्यापुढे आम्हाला नम्र कर. आणि आमच्या दारी जो येईल त्याच्यासाठी आमच्या आठवणीत जागा ठेव. आमेन.